वात्सल्याचा तक्ता

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका सहा वर्षांच्या मुलीनं मला दंडाला कडकडून चावलं आणि त्याची नोंद मी अशी केली: 'मूल स्पर्शासाठी आसुसलेले आहे. प्रतिसाद तीव्र.'

परवा नातीला हे वाक्य ऐकवलं तर ती हसून हसून सोफ्यावरून खाली घसरली. "आजी, तू एवढी बावळट होतीस?"

म्हटलं, "एवढी कसली गं, याहून जास्त होते. वर एम.ए. झाले होते."

या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर मागितलं होतं ते कामातल्या यशाबद्दल. यशाचे फोटो आमच्या संघाच्या कपाटात आहेत, ज्यांना हवे त्यांनी पाहावेत. मी मात्र ज्या गोष्टीनं माझी पुरती वाट लागली ती लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत. माझा बावळटपणा तेवढा अस्सल आहे.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. मुलुंडला एका बालवाडीची खोली आम्हाला शनिवारी दुपारी वापरायला मिळे. आम्ही म्हणजे पालकांचा एक लहानसा संघ. या पालकांची मुलं बोलत नसत, किंवा दिवसभर एकच वाक्य बोलत. हाक मारली तर वळत नसत. तासभर फिरत्या पंख्याकडे बघत बसत आणि घरातली खुर्ची दोन बोटं सरकवली तर आकांत करत. आज याला ऑटिझम म्हणतात, स्वमग्नता म्हणतात. त्या वेळी उपनगरातल्या बहुतेक डॉक्टरांकडे दोनच उत्तरं होती, 'मतिमंद आहे' आणि 'मोठेपणी होईल ठीक'. शेजाऱ्यांकडे बरीच जास्त होती, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

तुम्ही नेमकं काय करता, असं लोक विचारत. बरं करणं आमच्या हातात नव्हतं. आम्ही सोबत जायचो. डॉक्टरकडे, शाळेच्या मुख्याध्यापकांकडे, लग्नाला. हो, लग्नालासुद्धा. आईला भावाच्या डोक्यावर अक्षता टाकता याव्यात म्हणून तेवढा वेळ मूल सांभाळायला कुणीतरी लागतंच ना! आणि पहिल्यांदा येणाऱ्याला सांगायचो, असं मूल असलेलं तुमचं एकट्याचंच घर नाही. एवढंच ऐकून माणसं रडायला लागत. बालवाडीच्या वीतभर खुर्च्या त्या. मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसत, आणि तशीच बसल्या बसल्या रडत.

काही नगही होते. मुलुंडचे प्रधान आजोबा, निवृत्त शाळामास्तर, आठ महिने एका 'मित्राच्या नातवा'ची चौकशी करायला येत होते. मित्राचा नातू कशाला घाबरतो, फक्त पिवळ्याच रंगाचं कसं खातो, कोणत्या कुशीवर झोपतो, सगळं त्यांना तोंडपाठ. आम्हीही शहाण्यासारखं विचारायचो, "मित्र कसे आहेत?" त्यावर ते म्हणायचे, "दमलाय हो बिचारा."

संघ चालवायच्या सिल्व्हियाबाई. अंधेरीच्या मरोळ गावठाणातल्या, पिढ्यान्‌पिढ्या तिथंच भातशेती केलेल्या ख्रिस्ती घरातल्या. शिक्षण सातवी. मुलगा रॉनी वीस वर्षांचा, सहा फुटी, एक अक्षर न बोलणारा. त्याला घेऊन या बाई मुंबईतल्या प्रत्येक मोठ्या डॉक्टरच्या पायऱ्या चढल्या होत्या आणि तेवढ्याच उतरल्या होत्या. मी त्यांना मनातल्या मनात 'अनुभवी, पण अशास्त्रीय' म्हणायची. मला पगार त्याच देत होत्या, हे मनात म्हणताना आडवं येत नसे.

आणि मी! चोवीस वर्षांची. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मला तेव्हा मूल नव्हतं, मतं होती. कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका जाड परदेशी पुस्तकात मी वाचलं होतं की आई थंड, कोरडी असली की मूल असं आपल्यातच मिटून जातं. ज्या देशात ते पुस्तक छापलं त्या देशात हे मत तोवर मोडीत निघालं होतं. पण आमच्याकडे पुस्तकं बोटीनं यायची आणि त्यातल्या चुकांच्या दुरुस्त्या पोहत यायच्या.

तर त्या पुस्तकावरून मी एक कागद तयार केला. नाव दिलं 'वात्सल्य-तक्ता'. उभ्या रकान्यांत लिहिलं होतं: स्पर्श, हास्य, नावाने हाक, नजरेला नजर. गृहभेटीला, म्हणजे कुणाच्या घरी एक तास बसायला गेलं, की हातातलं घड्याळ काढून समोर ठेवायचं आणि आई जितक्या वेळा मुलाला जवळ घेईल तितक्या रेघा मारायच्या. तक्त्याच्या सायक्लोस्टाइल प्रती काढल्या. एवढ्यावर भागलं नाही. अहवालाची एक प्रत संघाचा गोल शिक्का मारून टपालानं कुटुंबप्रमुखाला पाठवायची, हीही माझीच अक्कल. घरातल्या सगळ्यांना शास्त्रीय माहिती मिळावी, हा उदात्त हेतू.

घाटकोपरला भटवाडीच्या चढावर सुमनचं घर होतं. एक खोली, पुढे पडवीसारखा ओटा. नवरा दत्ताराम गिरणीत विणकामाच्या साच्यांवर होता. संपात गिरणी गेली आणि तो रोज सकाळी काम शोधायला बाहेर पडे. सासू कुडाळकडची, कमरेत वाकलेली पण आवाज खणखणीत. आणि वैशाली, वैशू. सहा वर्षांची, गोरीपान, कुरळ्या केसांची. खाटेखाली बसून एका रिकाम्या रिळाला बोटानं फिरवत होती.

मी घड्याळ काढून ठेवलं. एक तास बसले. स्पर्शाच्या रकान्यात एकही रेघ नाही. हास्य, शून्य. नावाने हाक, शून्य. सुमन भाजी चिरत होती, मध्येच उठून दार लोटत होती, पाणी पिण्याचा पेला जमिनीवर ठेवून पायानं हळूच खाटेखाली सरकवत होती. पायानं! हे तर मी अधोरेखित केलं. तिच्या हातात एक बांगडी नव्हती, मनगटाला नुसता हिरवा दोरा बांधलेला. मागच्या आठवड्यात संघात आली होती तेव्हा अंगावर हीच हिरवी साडी होती, आजही तीच. मी लिहिलं: 'माता स्वतःबद्दलही उदासीन दिसते.'

शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, हिला करून दाखवू या. खाटेखाली वाकले, वैशूला ओढून छातीशी धरलं आणि "सोनू ती माझी!" असं काहीतरी म्हणाले. पुढे काय झालं ते पहिल्या ओळीत आलंच आहे. एवढंच सांगायचं राहिलं की चावल्यावर ती किंचाळत भिंतीवर डोकं आपटू लागली. सुमन धावली, पण तिला हात लावला नाही. वळकटीतली जाड गोधडी ओढून तिच्याभोवती टाकली, डोकं आणि भिंत यांच्यामध्ये उशी सरकवली आणि दोन हात अंतरावर पाठ करून बसून राहिली. पोरीचं किंचाळणं हळूहळू थांबलं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि लिहिलं: 'मूल रडत असतानाही माता पाठ फिरवून बसते.'

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, मी पुन्हा चढ चढून गेले. आपला अहवाल वाचून घरात काही फरक पडला असेल, अशा उत्साहात. सासूबाईंनी दारातच माझं स्वागत केलं.

"येवा बाई, येवा. तुमचे लय उपकार झाले."

मी आत गेले आणि पाहते तर देवाच्या फळीवर, गणपतीच्या तसबिरीला टेकवून, माझा अहवाल उभा. शिक्का बाहेरच्या बाजूला. त्याला हळदकुंकूसुद्धा वाहिलं होतं.

"माजो झील म्हणा होतो, पोरगी जन्माकच अशी इली," सासूबाई दत्तारामबद्दल सांगू लागल्या. "मी म्हणा होतंय, नाय रे, आवशीक मायाच नाय. हातात बांगडी घालणा नाय, घराक अवदसा इली, गिरण गेली. कोण आयकता माजा? आता शिकलेल्या बाईन शिक्को मारून लिवन दिल्यान. आयतवारचा एस्टीचा तिकीट काढलंव. माज्या लेकीकडे ऱ्हवात चेडू, कुडाळाक. ती मायेची आसा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. वैशूला तिच्या आत्याकडे कायमची पाठवणार होते. आईपासून तोडून. रविवारी. आणि ते माझ्या कागदावरून.

"अहो, पण मी असं कुठं म्हटलं..."

"लिवलला आसा." त्यांनी कागद काढून माझ्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण शेजारच्या मुलीकडून वाचून घेऊन पाठ केला होता. "'मातेकडे वात्सल्याचा अभाव.' तुमचाच अक्षर मां?"

माझंच अक्षर होतं. वळणदार. शाळेत मला त्याबद्दल बक्षीस मिळालं होतं.

सुमन चुलीपाशी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. वाटलं, ही ओरडेल, शिव्या देईल, निदान रडेल. ती एक शब्द बोलली नाही. वैशूचे दोन फ्रॉक घडी करून पिशवीत ठेवत होती. मी चपला उलट्यासुलट्या घालून चढ उतरले.

शनिवारी मुलुंडच्या खोलीत सगळे यायच्या आत मी सिल्व्हियाबाईंना गाठलं. त्यांच्या पुढ्यात अहवालाची माझ्याकडची प्रत ठेवली, रविवारच्या तिकिटाचं सांगितलं. त्यांनी अहवाल पहिल्यांदाच पाहिला. संघाचा शिक्का माझ्या पिशवीत असायचा, तेव्हा कशावर उमटायचा याचा पत्ता त्यांना नव्हता. त्या बोट ठेवत ठेवत सावकाश वाचत गेल्या. मला वाटत होतं, त्या म्हणतील, अजून तू लहान आहेस.

"हे तू लिवलंस?"

"हो."

"मी रॉनीला शेवटचं मिठीत घेतलं ते तो तीन वर्षांचा असताना," त्या म्हणाल्या. "आता ये माझ्या घरी, मार रेघा. शून्य येतील. लिही माझ्याबद्दल पण."

मी अहवाल परत घ्यायला हात पुढे केला.

"काय गो बाय, तू तासभर बसलीस. तिनं काय काय नाय केलं ते मोजलंस. काय काय केलं ते कुणी मोजायचं? बांगड्या का नाय घालत विचारलंस?"

"नाही."

"साडी तीच का?"

"नाही."

"मग काय गो विचारलंस एक तास?"

मी काहीच विचारलं नव्हतं. शास्त्रीय निरीक्षणात विचारायचं नसतं, असं पुस्तकात होतं. हे वाक्य माझ्या ओठावर आलं आणि देवाच्या कृपेनं तिथंच मेलं.

प्रधान आजोबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. "गाडी रविवारी किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं. "सकाळी? मग आजच जायला हवं." आणि छत्री काठीसारखी टेकत आमच्या पुढे चालूही लागले.

तिघं भटवाडीला पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. दत्ताराम घरी होता. चाळिशीचा, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघणारा. खाटेवर एक पत्र्याची ट्रंक भरून ठेवलेली. मी उभ्यानंच बोलले. म्हटलं, माझं चुकलं. मी लिहिलं ते चुकीचं आहे. हा घ्या दुसरा कागद, यात मी पहिला अहवाल रद्द करते आहे.

त्यानं नवा कागद घेतला, जुना फळीवरून काढला, दोन्ही शेजारी शेजारी धरले.

"शिक्का याच्यावरही तोच, त्याच्यावरही तोच," तो म्हणाला. "सही तीच. बाई, यातला खरा कुठला ते मी कसं ओळखू? उद्या तुमचं मत परत बदललं तर?"

मी शिक्का शबनममध्ये खोल सारला.

"आणि तुम्ही कोण?" त्यानं आजोबांना विचारलं. "तुम्हाला यातलं काय कळतं?"

प्रधान आजोबांनी छत्री भिंतीला टेकवली. "माझा नातू असा आहे," ते म्हणाले.

सिल्व्हियाबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं, मीही पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते 'माझा' म्हणाले होते. आजोबा बोलतच राहिले. "माझ्या सुनेला आम्ही असंच बोललो. ती माहेरी गेली. नातू आमच्याकडे आहे. आई नसल्यापासून तो जेवणाला तोंड लावत नाही म्हणून मी पिवळं शोधत फिरतो. पिवळ्या ताटलीत जेवण ती द्यायची, हे आम्हाला ती गेल्यावर कळलं."

तेवढ्यात सिल्व्हियाबाई खाली बैठक मारून बसल्या.

"दत्ताराम, कागद सोड. दोन्ही फाड वाटलं तर. तू साच्यावर होतास ना? मग नजर आहे तुला. कधी तासभर घरात बसून बायकोकडे बघितलंयस?"

"घरात बसून बायकोकडे कोण बघतं?" तो ओशाळून म्हणाला.

"आज बघ. कुंदा, दे त्याला तुझा तो तक्ता. आणि तू घड्याळ सांभाळ."

मी तक्ता दिला, पेन्सिल दिली. आम्ही चौघं ओट्यावर बसलो, सासूबाई कपाळाला हात लावून. दत्ताराम उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून. सुमनला वाटलं असेल, आता ही काय नवी परीक्षा. पण वैशू आत होती, तेव्हा तिचं काम चालूच होतं. तेच जे मी आधी बघितलं होतं आणि पाहिलं नव्हतं.

शेजारची मुलगी रिकामी कळशी घेऊन नळावर जायला चढ उतरत येत होती. ती दारासमोर पोचायच्या आधी सुमननं दार लोटलं. कळशी खणखणत पुढे गेली, सुमननं दार उघडलं. दत्तारामनं एक रेघ मारली. थोड्या वेळानं पलीकडच्या घरातून कुकर फुसफुसायला लागला. शिटी व्हायच्या आत सुमननं गोधडी वैशूच्या डोक्यावरून ओढली. शिटी झाली, गोधडी आतल्या आत एकदा हलली, इतकंच. दुसरी रेघ. पेला आला, पायानं, जमिनीलगत, आवाज न करता. वाकलं की सावली पडते आणि सावली पडली की पोर बिथरते, हे ती आम्हाला नंतर सांगणार होती. तिसरी रेघ. सुमनचे हात कुठे वाजत नव्हते. काचेच्या बांगड्या किणकिणल्या की वैशू कान ओरबाडायची, म्हणून बांगड्या उतरवलेल्या आणि सवाष्णीचा हिरवा रंग राहावा म्हणून दोरा. आणि ती साडी! एकाच ताग्यातून तिनं दोन फाडून घेतल्या होत्या. रंग बदलला की वैशूला आई ओळखू यायची नाही.

मी घड्याळाकडे बघत होते. तासभर ही बाई एका पोरीच्या अंगावर जग आदळू नये म्हणून खोलीभर पळत होती. आणि मी याच खोलीत, याच तासाला, 'शून्य' लिहून गेले होते.

दत्ताराम एकदम म्हणाला, "साच्यावर असंच असतं."

"कसं?" आजोबांनी विचारलं.

"चांगला विणकर धागा तुटल्यावर धावत नाही. तुटणार हे त्याला आधी कळतं, हात आधी जातो. बाहेरच्या माणसाला वाटतं, हा नुसता उभा आहे." त्यानं तक्ता मला परत दिला. रेघा मारल्या होत्या त्या कुठल्याच रकान्यात नव्हत्या, कडेच्या कोऱ्या जागेत होत्या. मग तो आईकडे वळला. "आये, आयतवारचा तिकीट परत करतंय मी."

"अरे पण शिक्को..."

"शिक्को ऱ्हवंदे थंय. चेडू हय ऱ्हवतला."

म्हातारी एवढ्यानं बधणारी नव्हती. "बांगडेचा काय?" तिनं विचारलं. सिल्व्हियाबाईंनी आपला हात पुढे केला. त्यांच्या मनगटातही काही नव्हतं. "माझा नवरा ठणठणीत आहे मावशी," त्या म्हणाल्या, "उलट त्याचंच मला भारी पडतंय." सासूबाईंना हसू आवरेना, आणि हसल्याचा राग आल्यामुळे त्या चहा करायला उठल्या.

निघताना सुमन आमच्याबरोबर चढाच्या वळणापर्यंत आली. आत दत्ताराम बसला होता म्हणून तिला घराबाहेर पाऊल टाकता आलं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, जरा थांबता?" सिल्व्हियाबाई आणि आजोबा पुढे गेले. मला वाटलं, ही आता आभार मानणार. 'अहो, त्यात काय' असा चेहरासुद्धा मी करून ठेवला. काय म्हणावं माझ्या त्या चेहऱ्याला!

"तुमचा पहिला कागद," ती खाली बघत म्हणाली, "अगदीच खोटा नव्हता."

तो चेहरा आता कुठे ठेवावा ते मला कळेना.

"वैशू दोनेक वर्षांची होती तेव्हा. तिला हात लावलेला चालत नाही हे कळायच्याही आधी. मला ती नकोशी झाली होती. दिवसचे दिवस जवळ घ्यावंसंच वाटायचं नाही. तिनं ढकललं म्हणून मी लांब झाले, का मी लांब होते म्हणून ती तशी झाली, देवाला माहीत. आता नाही तसं. पण तेव्हा होतं. तुमचा कागद शेजारच्या पोरीनं वाचला ना, तेव्हा मला वाटलं, या बाईला कसं कळलं? म्हणून मी काही बोलले नाही. म्हटलं, नेतायत तर बरोबरच आहे. शिक्षाच आहे."

मला त्या दिवशीच्या सगळ्या धक्क्यांमध्ये हा सगळ्यात मोठा बसला. चूक माझी, आणि शिक्षा ती मुकाट्यानं आपली म्हणून घेत होती. माझ्या शबनममध्ये जाड पुस्तक होतं, तक्ता होता, शिक्का होता. तिला द्यायला त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं.

"तुझ्यामुळे ती तशी झाली नाही," एवढं मी म्हटलं. हे मला नक्की ठाऊक होतं का? त्या क्षणापर्यंत नव्हतं.

"हे लिहिणार कागदात?"

"नाही."

"मग ठीक. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा बोलले कुणाशी तरी."

"सिल्व्हियाबाईंशी बोल ना. त्यांना..."

"नको, नको!" ती घाबरली. "त्या केवढ्या चांगल्या आहेत. त्यांच्या मनात असलं कधी आलंसुद्धा नसेल." आणि वरून कळशीचा आवाज आला तशी ती धावत परत गेली.

बसथांब्यावर प्रधान आजोबा त्यांच्या बसमध्ये चढले. जाताना म्हणाले, उद्या सुनेच्या माहेरी जातो, पाया पडायची वेळ आली तरी पडतो. मी आणि सिल्व्हियाबाई उरलो. सुमनचं नाव काढायचं नाही हे मी ठरवलं होतं. म्हणून नुसतं विचारलं, "बाई, रॉनी तुम्हाला कधी नकोसा झाला होता का हो?"

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की वाटलं, नोकरी गेली.

"कुणी सांगितलं विचारायला?"

"कुणी नाही. मीच विचारते."

त्यांनी पुढे होऊन बस येते का पाहिलं. मग म्हणाल्या, "कधी झाला नव्हता ते विचार." आणि रस्त्याकडे बघत, "इतकी वर्षं मी या बायांना धीर देते. मला हे कुणी विचारलं नाय गो."

तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी होतं. चढावर एक आणि थांब्यावर एक, दोघींना वाटत होतं की हे पाप जगात फक्त आपल्या एकटीच्या मनात आलं. 'तुमचं घर एकटं नाही' असं दर शनिवारी सगळ्यांना सांगणाऱ्या आमच्या संघात हे बोलायला जागाच नव्हती. कशी असेल? वडील समोर बसलेले, सासवा समोर, आणि कोपऱ्यात मी, पेन्सिल परजून.

पुढच्या शनिवारपासून सिल्व्हियाबाईंनी नवी पद्धत पाडली. शेवटचा अर्धा तास फक्त आयांचा. पुरुष बाहेर, सासवा बाहेर, शास्त्र बाहेर. दाराला आतून कडी. पुढे मी या कामात तीस वर्षं काढली, कार्यशाळा घेतल्या, भाषणं ठोकली, पण त्या अर्ध्या तासाएवढं उपयोगाचं काही माझ्या हातून झालं नाही. आणि त्यातही माझा वाटा काय, तर मी आत नव्हते.

त्या पहिल्या शनिवारी मला नेमून दिलेलं काम होतं, बाहेर ओट्यावर मुलांना खेळवणं. हात न लावता. सुमन वैशूला घेऊन आली होती, हिरव्या साडीत. वैशू माझ्यापासून चांगली चार हात लांब बसली, योग्यच केलं. आत सात बायका गेल्या, कडी लागली. रडारड होणार हे मी धरूनच चालले होते. पाण्याचा तांब्या भरून, सात पेले मांडून तयारीत होते.

दहा मिनिटं काहीच ऐकू आलं नाही. मग सुमनचा आवाज, हळू, अडखळत. मग परत शांतता. आणि मग सिल्व्हियाबाई काहीतरी बोलल्या, आणि त्या खोलीतून सात बायकांचं असं खदाखदा हसणं बाहेर आलं, मांडीवर थापा मारत, धाप लागेपर्यंत, की रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून बघायला लागला.

दारावर हात ठेवून मी नुसती उभी राहिले. आत काय झालं ते आजवर मला कुणी सांगितलेलं नाही.